गळती

गंगावेशीत रात्री दोनला, वर्दळ थांबली की
लोखंडी गज व्हॉल्व्हवर टेकवून मी कान लावतो.
पाणी कुठं फुटलंय ते रस्ता सांगत नाही,
गज सांगतो.

रत्नमालाचा चेहरा वर्षभरात गोल झाला.
गल्ली म्हणाली, तब्येत सुधारली बघ.
पोटावर जांभळ्या चिरा, लागेल तिथं काळंनिळं,
आणि चटणी कुटताना
मुसळ उचलेना.

एमआरआयमध्ये काही दिसलं नाही.
मेंदूखाली हरभऱ्याएवढी ग्रंथी,
तिच्यात कुठंतरी मोहरी.
डॉक्टर खोत म्हणाले, चित्रात नाही तर रक्तात शोधू :
जांघेतून दोन नळ्या वर, कवटीच्या तळापर्यंत,
डावं रक्त, उजवं रक्त, एकाच क्षणी.
मी म्हणालो, सायेब, हे तर आमचंच काम.

शून्य मिनिट, तीन, पाच, दहा.
बर्फातल्या बाटल्यांवर नर्सनं डा आणि उ लिहिलं.
आतनं रत्नमाला ओरडली,
"मी काय मरतोय व्हय? तुम्ही च्या पिऊन या."

डावीकडं चौपट आलं.
"तरी बाजूची खात्री नाही," खोत म्हणाले,
"शिरा एकमेकींत मिसळतात, कधी फसवतात."
मला शुक्रवार पेठेतला खड्डा आठवला.
आवाज बरोबर होता, पाईप दुसराच.
तीन दिवस पेठेनं माझा उद्धार केला.

ऑपरेशन सोमवारी, नाकातून.
आज रात्रपाळी बदलून घेतली.
ती झोपल्यावर डाव्या कानशिलाला कान लावला.
नुसतं घोरणं.
वर्दळ थांबेपर्यंत थांबलो.