चार बोटं

किशिनाव सोडतानाच परास्कीवानं बजावलं होतं,
उंगेनीला संडासाला कुलूप, तीन तास.
ज्याचं त्यानं आधीच उरकून घ्या.
डबा तिचाच होता जणू:
बोळभर लाल फुलांचे गालिचे,
खिडक्यांना मळखाऊ लेस,
कमरेला किल्ल्यांचा जुडगा.
मी चहाचे दोन ग्लास रिचवले. ऐकलं नाही.

समोर हारालांबिए, सत्तरीचे, माश्या पाळणारे.
वडीलधाऱ्याला इकडे 'नेने' म्हणतात
हे कळल्यावर मी खुदकन हसलो,
एकटाच. समजावणार कुणाला?
नेनेंच्या मांडीवर बुटांचं खोकं,
खोक्यात काडेपेटीएवढे बारा पिंजरे,
पिंजऱ्यागणिक एक राणी, पाच-सहा दासी,
वाटेत खायला साखरेची गोळी.
बुखारेस्टला मेहुण्याकडे निघाल्या होत्या.
शिक्क्याच्या कागदावर: राण्या, नग बारा.

उंगेनीच्या शेडमध्ये डबे सुटे झाले.
नदीपलीकडचे रूळ अरुंद आहेत,
पंच्याऐंशी मिलिमीटर. चार बोटं म्हणा.
तेवढ्यासाठी आम्हाला
माणसांसकट, चहासकट जॅकवर उचलतात,
खालची चाकं ढकलून देतात, दुसरी आणतात.
दिवे गेले. डबा कण्हत वर निघाला.
"स्वर्ग दोन बोटं उरला," मी मराठीत म्हणालो,
आणि गचका बसला.
खोकं पडलं.

बंद खिडक्या, अंधार, खाली चाकं नाहीत,
आणि एक राणी मोकळी.

परास्कीवा बॅटरी घेऊन आली, आधी ओरडली,
मग गुडघ्यांवर बसून
आपल्याच गालिच्यांची फुलं एकेक तपासू लागली.
"पाय उचलू नका कुणी," नेने म्हणाले,
"तिच्या पोटात अख्खं गाव आहे."

तेव्हा कोपऱ्यातून इफ्रोसिना, अगदी हळू:
"माझ्या मानेवर काहीतरी चालतंय."

ही पादोव्हाला चाललेली,
कुणा परक्या म्हातारीची उशापायथ्याची कामं करायला.
मुलगी नऊ वर्षांची, शेजारणीकडे ठेवलेली.
संध्याकाळपासून वहीत बघून इतालियन घोकत होती:
दुखतंय का? कुशीवर वळवू का? भूक आहे?
आता ताठ. श्वाससुद्धा मोजून.

"भिऊ नको पोरी, राणी माणसाला डसत नाही.
तिचा डंख फक्त दुसऱ्या राणीसाठी."
"मग तर मला जपायला हवं,"
इफ्रोसिना ओठ न हलवता म्हणाली,
आणि अंधारात सगळा डबा हसला,
ती सोडून. तिला हलता येत नव्हतं.

शिडी लावून कस्टमचा पोरगा वर चढला.
मिसरूड कोवळं, आवाज जाड काढलेला.
पिंजरे मोजले. पुन्हा मोजले.
"अकरा. बारावी कुठंय?"
नेनेंनी बोट केलं.
झोत तिच्या मानेवर गेला:
केसांच्या कडेला लांबट, तांबूस,
पाठीवर रंगाचा ठिपका.
पोरगा बराच वेळ बघत राहिला,
माशीकडे की बाईकडे, सांगता येणार नाही.
मग कागदावर लिहिलं, बारा.
"पासपोर्ट?"
"पर्समध्ये आहे. मला वाकता येत नाही."
मी काढून दिला.
त्या रात्रीत माझी कामगिरी एवढीच.

डबा उतरला. दिवे आले.
नेनेंनी पिंजरा मानेला टेकवून धरला,
दासी आत कुजबुजत होत्या,
राणी आपणहून गेली, घाई न करता.
प्रुत नदी कधी ओलांडली कळलं नाही,
फक्त चाकांचा आवाज बदलला होता, थोडा कोरडा.

परास्कीवानं कुलूप काढलं तेव्हा रांगेत पहिला मी.
परतलो तर इफ्रोसिनाची वही मांडीवर मिटलेली,
ती खिडकीला टेकून जागी,
मानेवर चार बोटं ठेवून,
जिथे ती चालली होती तिथे.
वरच्या बर्थवर कुणीतरी घोरत होतं,
त्याला यातलं काहीच माहीत नाही.