खोडातलं नारिंगी

सोहारच्या बाहेर, वाळूत, सोयाबीनचे चाळीस वाफे.
ठिबकच्या नळ्यांचे ओठ मिठानं पांढरे.
जानेवारीत इथंही दव पडतं,
समुद्राकडून येतं
वाळत घातलेल्या तारलीचा वास अंगाला लावून.

तोफज्जलनं नखानं एक खोड उभं चिरलं
आणि ओरडला.
आत नारिंगी वळवळ. केशराच्या काडीचे तुकडे जणू,
सात की आठ.
खमीस म्हणाला, पंप आणा.
कुणीतरी भरायलाही गेलं.

मी हात वर केला.
बोलता येत नव्हतं, भिंगाची दोरी दातांत होती.

रंग तर सगळेच आधी बघतात.
मी बघते, बसलीय कुठं.
गादमाशीची असती तर बुडाशी असती,
मातीला लागून, सालीच्या आत,
साल काळी पडून बोटाला लागून आली असती
आणि रोप नुसत्या हाताच्या धक्क्यानं मोडलं असतं.

या तर वर आहेत, वीतभर वर,
पांढऱ्या कापसात,
जिथं बुरशीनं खोड कधीच संपवलंय
आणि उंदराच्या लेंड्यांसारखे काळे दाणे मागे टाकलेत.
हिरव्याला यांनी तोंड लावलेलं नाही.
बुरशी खातायत.
मयताच्या घरी भांडी घासायला आलेल्या बाया,
आणि आळ त्यांच्यावरच.

पाणी कमी करा, मी म्हणाले, संध्याकाळचं तर बंदच.
पुढच्या खेपेला रांगा लांब लांब ठेवा.
खमीस पंपाकडे बघत राहिला. भरलेला पंप
रिकामा करणं त्याच्या जिवावर आलं होतं.
"काहीच मारायचं नाही?"

तक्त्यात रकाने दोनच:
कीड आहे. कीड नाही.
खाली "इतर"साठी रेघसुद्धा नाही.

तोफज्जल वाकून बघत होता.
त्याच्या बताक्यावर लिहिलंय गवंडी,
आठ वर्षांत वीट हातात धरलेली नाही त्यानं.
"दीदी, हिच्या कार्डावर काय लिहिणार?"
मी हसले. तो नाही हसला.

दुसऱ्या रकान्यात खूण केली.
मस्कतला नुसत्या खुणेवर भागत नाही, नमुना लागतो.
म्हणून एक उचलली,
ओल्या कुंचल्याच्या टोकावर, जपून,
आणि अल्कोहोलच्या कुपीत सोडली.

आधी तिचा रंग गेला.