सूर्य बुडायच्या आत

फरजाना म्हणाली, तिला नवऱ्यानं
मिरजेच्या हॉटेलात नेलं. टेबलावर मेणबत्ती,
बिल बाराशे चाळीस,
आणि पनीरचे मोजून सात तुकडे.
"तुझा नेतो का गं कुठं?"
मी झेरॉक्स मशीनचं झाकण दाबलं
आणि म्हणाले, नेतो की. उद्याच.
खोटं नव्हतं,
फक्त त्याला अजून माहीत नव्हतं.

आमची अडचण पैशाची कमी, सूर्याची जास्त.
दिवाळीचे पाच दिवस सुकुमार
दिवस मावळल्यावर तोंडात काही घालत नाही.
एरवी गाड्यावरचा वडापाव चालतो,
बटाट्यासकट,
पण हे पाच दिवस तो आईचा मुलगा असतो.
कुपवाडची शिफ्ट सुटते पाचला,
सूर्य बुडतो सहाला,
मधे एक रेल्वे फाटक.
म्हणजे आमच्या डेटला पंचवीस मिनिटं,
फाटक उघडं असेल तर.

रात्री एका शेगडीवर सगळं.
शंकरपाळ्या कापायला कातण नाही,
त्याची डिप्लोमाची स्टीलची पट्टी धुऊन घेतली.
पोळीवर सेंटिमीटर उमटले.
दूध, साखर, तूप एकेक वाटी,
मैदा मावेल तेवढा, आई फोनवर म्हणाली.
मावेल तेवढा म्हणजे किती?
"हाताला कळतं."
माझ्या हाताला कळलं नाही,
पहिला घाणा तेलात हसला.
मग सुकुमारही हसला,
मग त्यानं आणखी एक वाटी मैदा चाळून दिला,
नाकावर पांढरा ठिपका घेऊन.

नंतर भडंग. लसूण न घालता.
सांगलीत हे मोठ्यानं बोलू नये,
समोरच्या काकू दिलेले चुरमुरे परत मागतील.
कढीपत्ता दुप्पट, मेतकूट चिमूटभर,
आणि लसणाच्या जागेवर जरा जास्त तिखट.
मी कोरेगावची.
लसणाशिवाय कढईशी बोलायला
मला दोन वर्षं लागली.

दुसऱ्या दिवशी आयर्विन पुलाखाली,
घाटाच्या पायऱ्यांवर, साडेपाचलाच बसले.
साडी जुनी, पिन नवी, डबा मांडीवर.
शेजारी एक म्हातारा गळ टाकून बसलेला,
तोही कुणाची तरी वाट बघत असावा.
पाच पन्नास.
पाच पंचावन्न.
सूर्य सांगलवाडीच्या उसावर टेकला,
मग उसाच्या आत गेला.

सहा वाजून आठ मिनिटांनी सुकुमार आला,
पळत, हेल्मेट काखेत.
"फाटक," एवढंच म्हणाला.
आम्ही दोघांनी पश्चिमेकडे बघितलं,
एसटी चुकल्यावर बघतात तसं.

"तू खा की."
नको म्हणणार होते. पण भूक होती,
आणि रुसून बसण्याइतका
डबा वाईट झाला नव्हता.
मी खाल्लं. तो विचारत राहिला.
मीठ? बरंय.
शेंगदाणे? तीन जळलेत.
लसूण? आठवतोय.
शंकरपाळी?
मी एक त्याच्या कानाशी नेली
आणि मोडली.
"जमलीय," तो म्हणाला,
डोळे मिटून.

पुलावरचे दिवे लागले. म्हातारा उठून गेला.
आम्ही पंचवीस मिनिटांचे दोन तास केले,
कशावर बोललो ते आता सांगता येणार नाही,
बहुतेक फ्रिजच्या हप्त्यावर.

सकाळी गच्चीत, पाण्याच्या टाकीला टेकून
त्यानं ऊन वर येऊ दिलं,
चांगलं भिंतीवरून खाली उतरू दिलं.
मग चहात बुडवून पंधरा शंकरपाळ्या खाल्ल्या,
एक शब्द न बोलता.
सोळावी मला देताना
हात जरा मागेपुढे झाला,
ते मी बघितलं.

फरजानाला सांगितलं, डेट दोन दिवस चालली.
बिल किती, ते तिनं विचारलं नाही.
आणि सुट्टीनंतर कामावर
त्याच्या ड्रॉइंगवर तुपाचा डाग पडला,
साहेबांनी विचारलं, हे काय?
बरोबर चार सेंटिमीटरवर.