पाकिटं कुठं आहेत?

हॅलिफॅक्समध्ये, टेकडीवरच्या चर्चच्या हॉलात
महिन्याच्या पहिल्या शनिवारी तिकिटांचा बाजार भरतो.
बाजार कसला, सहा टेबलं,
चहाची एक किटली
आणि सत्तरीपुढचे पुरुष,
भिंगातून एकमेकांचे देश तपासणारे.

मी पाच आल्बम नेले, भाजीच्या चाकाच्या पिशवीतून,
आणि टॉफीचा पत्र्याचा डबा. त्यात सुटी,
भाऊंनी ‘नंतर लावू’ म्हणून ठेवलेली.

भाऊ, म्हणजे आमचे वडील,
गालिच्यांच्या गिरणीत रात्रपाळी करायचे.
दुपारी उठले की बशीत कोमट पाणी,
त्यात पाकिटाचा कापलेला कोपरा,
आणि आम्हाला दम : टेबल हलवायचं नाही.
वीस मिनिटांनी कागद तिकिटाला सोडून द्यायचा.
मग टीपकागद, मग जाड शब्दकोशाखाली रात्रभर,
मग आल्बमात, गव्हाच्या पिठाची खळ लावून.
विकतच्या कागदी बिजागऱ्यांना पैसे कोण घालणार?

प्रत्येक तिकिटाखाली पेन्सिलीने कॅटलॉगातली किंमत.
दर नाताळात खोडून ताजी करायचे.
शेवटच्या पानावर बेरीज, खाली दोन रेघा :
दोन हजार एकशे चाळीस पौंड, पंचाहत्तर पेन्स.

ते पंचाहत्तर पेन्स मला लागले.

होलरॉइड नावाचा म्हातारा पानं उलटत गेला
डॉक्टरसारखा, चेहऱ्यावर काही न दाखवता.
चिमट्याने एक कोपरा उचलून पाहिला.
उचलला गेला नाही.
‘पीठ?’
मी मान हलवली, जणू खळ मीच शिजवली होती.
कॅटलॉगाचं काय, असं विचारणार होते,
पण उत्तर मला ठाऊक होतं :
स्थळाच्या पत्रकातली उंची
आणि दारात चपला काढणारा मुलगा.

‘पासष्ट. डब्यासकट.’

मग एका पानावर तो थांबला.
फिकट तिकीट, त्यावर शिक्क्याचा अर्धा चंद्र,
त्यात इंग्रजीत फक्त : ‘गुर्ला’.
‘वेंगुर्ला,’ मी म्हटलं, ‘माझी आत्या लिहायची तिथनं.’
पहिल्यांदाच तो पुढे झुकला.
‘पाकिटं कुठं आहेत?’

तिकिटं लाखांनी छापतात, त्याने सांगितलं,
पण सबंध पाकीट, लहान पोस्टाचा पुरा शिक्का,
इथला पत्ता, वाटेतल्या खुणा,
त्याला गिऱ्हाईक येतं. चांगलं येतं.

पाकिटं.
कोपरा कापला की उरलेलं शेगडीत जायचं.
आत्याचं अक्षर, हॅलिफॅक्समधला एक एफ गाळलेला,
आणि पत्रात न मावलेलं
ती झडपेच्या आत लिहायची :
ता. क. कुसुमला मुलगी झाली.
ता. क. आंबा यंदा कमी.
ता. क. तू येतो म्हणालास त्याचं काय?
आम्ही सगळ्या झडपा वाचल्या होत्या का?
भाऊंनी तरी?

पासष्ट घेतले. पावती घेतली.
होलरॉइडने चिमटा मला परत दिला,
हा जुना आहे, म्हणाला, ठेवा.

उल्हास ॲबर्डीनला असतो. निम्मे त्याचे.
साडेबत्तीस पौंडांचा चेक लिहिला,
सुपरमार्केटच्या मागच्या काउंटरवर तिकीट घेतलं,
शेजारी बारकोड, आणि मागून सोलायचं.
जीभ तरी सवयीने बाहेर आली.
काउंटरवरची मुलगी दुसरीकडे बघू लागली.

पाकीट बंद करण्याआधी
झडपेच्या आत लिहिलं :
ता. क. हे टाकू नकोस.
त्यावरच डिंकाची पट्टी दाबली.
आता ते फाडल्याशिवाय त्याला दिसणार नाही.