चार नंबर

इवालोच्या वाचनालयात सात संगणक आहेत.
सहा धड, आणि एक चार नंबरचा,
ज्याच्या कळफलकावरचं एक बटण
कुठल्याशा पोरानं उपटून नेलं, ते नेलंच.
तेवढं एक अक्षर नसलं तर आमच्या भाषेत
ना 'रात्र' लिहिता येते, ना 'काम'.

वेइक्को हुत्तुनेन पावणेदहालाच दाराशी उभा असतो.
एकतीस वर्षं वीज कंपनीत मीटर वाचले,
आता फुकटचं वर्तमानपत्र वाचतो
आणि माझ्या चुका काढतो.
नोव्हेंबरात म्हणाला, राईली,
ही सात डोकी संध्याकाळी सातनंतर
नुसती भिंतीकडे बघत बसतात.
मी म्हटलं, मीही तेच करते.
तो हसला नाही. चौकोनी घडीचा एक कागद काढून
माझ्यासमोर सपाट केला.

एक प्रचंड गणित, कुठल्याशा विद्यापीठाचं,
बारीक तुकडे करून जगभर वाटलेलं:
प्रथिनं कशी दुमडतात, घडी कुठे चुकते,
आणि चुकली की माणूस
पोटच्या पोरीला 'बाई, आपण कोण' का विचारतो.
आपण एक तुकडा आणायचा, रात्रभर दळायचा,
पीठ ज्याचं त्याला पोचवायचं.
हाताला कोंडासुद्धा लागत नाही.

नगरपालिकेला मी विचारलं नाही.
हे इथे लिहून ठेवते, मागाहून कुणाला शोधत बसायला नको.

डिसेंबरात आमच्याकडे सूर्य उगवतच नाही,
त्यामुळे रात्रीचं म्हटलेलं काम
दुपारी दोनलाही चालायचं.
पडद्यावर एक फीत वळायची, मुरडायची,
सहा वर्षांची इंगा-मारेत म्हणाली,
अळी झोपायला जागा शोधतेय, कुणी बोलू नका.
आणि यंत्रं तापायची.
आधी एकानं त्यांवर ओले हातमोजे ठेवले, मग सगळ्यांनीच.
लोकरीचा वास यायचा खोलीभर,
ओल्या कुत्र्यासारखा. मला आवडायचा.

जानेवारीत बिल आलं.
सभेत ताइस्तो क्योर्क्योनं ते दोन बोटांत धरलं,
शेपटीनं उंदीर धरावा तसं.
खारीचा वाटा म्हणता, पण आपण काय खारी आहोत?
(खिडकीबाहेरच्या पाइनवर एक होती,
पण तिला बोलायची परवानगी नव्हती.)
आणि म्हणे हाच तुकडा
आणखी एका कुणाला तरी देतात सोडवायला?
मग आपला कशाला?

मी पुस्तकांबद्दल काहीतरी सुरू केलं,
उसनं देणं, विश्वास, असलं काहीबाही, आणि अडखळले.
वेइक्को उठला. टोपी हातात.
माझे आकडे तपासायला
कंपनी दुसरा माणूस पाठवायची, म्हणाला.
मला आधी राग यायचा.
एकानं वाचलं की तो आकडा असतो.
दोघांनी वाचलं की बिल.
एवढं बोलून खाली बसला.

निकाल: सहा बंद. एक चालेल.
कुणाला नको असलेला असेल तो.

म्हणून आता चार नंबर एकटाच दळतो,
त्याच्या पाठीवर हातमोज्यांची उतरंड,
खालचे वाळतात, वरचे ओलेच घरी जातात.
काल सकाळी त्याचा एक तुकडा पुरा झाला.
अकरा दिवस लागले.
उत्तर दुसऱ्या कुणाच्या तरी उत्तराशी जुळलं.
कोण, ते कळत नाही. कुठल्या गावी,
कुठल्या खोलीत, तिथे मोजे लागतात का,
की पंखा लावून बसतात.

वेइक्कोनं एक पाटी छापून त्यावर चिकटवली,
त्याच यंत्रावर टाइप केलेली, हट्टानं:
रात्रीचं काम चालू आहे, बंद करू नये.
दोन शब्दांत दोन भोकं.

मी पेन घेतलं.
दोन्ही ठिकाणी एकेक गोल काढला,
आणि प्रत्येकाच्या डोक्यावर
शेजारीशेजारी दोन टिंबं.