पाठ

कोपरखैरण्यात आमच्या शाळेच्या मैदानाला भरावाची माती आहे.
पाऊल पडलं की खाली खडी कुरकुरते.
पाटीवर आठ जण बसतात,
एकाआड एक, उलट तोंडं करून.
म्हणजे काहीही घडलं
तरी चौघांना दिसत नाही.
हा नियमच आहे.

नव्या पोराची आमच्याकडे पाठपूजा व्हायची.
साहित्याच्या खोलीत, शर्ट काढून,
तोंड फक्कीच्या गोण्यांकडे.
मग एकेकाने यायचं
आणि उघड्या पाठीवर खो द्यायचा.
पंजा पसरून. आवाज यायला हवा.
रडला, तर पहिल्यापासून.

मी मारायचो नाही.
मी मोजायचो.

मला आदल्या वर्षी अकरा बसले होते.
आठव्याला मी हसलो होतो,
कारण सगळे हसत होते.

प्रज्वल शेडगे, सातवी ब.
पायाला असा वेग, की खांबाला वळसा घालताना
धूळ मागाहून वळायची.
नवव्याला तो मान वळवून म्हणाला,
"दादा, आता मी संघात आहे ना?"
मी म्हणालो, दहा.

त्याचे वडील तुर्भ्याला मार्केटात माथाडी.
बावीस वर्षं कांद्याच्या गोण्या.
पाठीवरच्या खुणा त्यांना वाचता येतात,
हुकाचा ओरखडा कुठला,
शिवणीचा वळ कुठला.
त्या रात्री मोरीत पोराच्या पाठीवर तांब्या ओतताना
ते थांबले.
या खुणांना बोटं होती.

दुसऱ्या दिवशी ते मैदानाच्या कडेला आले,
चुन्याच्या रेषेबाहेर चपला काढल्या,
जणू आत देऊळ होतं.
आम्ही पाटीवर बसलेलो.
माझी पाठ त्यांच्याकडे.
ओरडले असते तर बरं झालं असतं.
म्हणाले, "पोरगं झोपेत आकडे म्हणत होतं.
मोजत कोण होतं?"

हात लागला नाही त्यांचा मला.
तरी मी उठलो.
खो-खोत एकदा दिशा धरली
की मागे फिरता येत नाही.
मी बोलत गेलो, नावांसकट,
माझ्या नावापासून.

करंबेळकर मॅडमनी आम्हाला एकेकटं बसवून विचारलं.
एकत्र विचारलं की संघ बोलतो, म्हणाल्या,
मला पोरं ऐकायची आहेत.
हर्षल मढवी, आमचा कप्तान, सगळ्यात जोरात मारणारा,
त्याला त्यांनी एवढंच विचारलं,
तुझ्या वेळी किती?
तो बराच वेळ चहाच्या कपाकडे बघत राहिला
आणि मग शर्टाच्या बाहीने नाक पुसत म्हणाला,
दोनदा. मी रडलो होतो.

खोलीची किल्ली आता मॅडमकडे असते.
सगळ्यांच्या घरी चिठ्ठी गेली, माझ्याही.
आईने ती वाचली आणि जेवायला वाढलं,
पण ताटासमोर बसली नाही.
हर्षल त्या मोसमात बाहेर.
ऐरोलीच्या शाळेकडून आम्ही पहिल्याच फेरीत हरलो,
आणि माझ्या बाकावर कुणीतरी
कर्कटकाने कोरलं, फितूर.
अजून आहे ते. बोटाला लागतं.

प्रज्वल महिनाभर आला नाही.
मग एक दिवस आला, कुणाशी न बोलता
चौथ्या जागेवर बसला.

मी धावत होतो. गडी अगदी हाताशी,
पण रेषेपलीकडे निसटला.
खो द्यायचा तर चौथ्यालाच.
समोर त्याची पाठ,
निळा बनियन, मधोमध घामाचा डाग.
मी ओरडलो, खो!
हात मात्र वीतभर अलीकडेच राहिला.

शिट्टी. फाऊल.
सगळं मैदान माझ्याकडे बघत होतं,
उलट तोंडाचे चौघेही.

त्याने मान वळवली नाही.
दादा तो मला अजून म्हणत नाही.
समोर बघतच बोलला,
"हात लाव.
नियम आहे."