चार उभ्या, एक आडवी

भोसरीच्या चौकात सकाळी सहापासून
प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसलोय. मांडीवर पॅड,
पॅडला फॉर्म, फॉर्ममध्ये गाड्यांचे रकाने.
चार उभ्या रेघा, पाचवी आडवी,
पेंढी बांधल्यासारखी. पंधरा मिनिटं झाली की नवा कागद.
रोज साडेसहाशे, चहा आपला.

एक रस्ता चाकणला जातो, एक आळंदीला,
एक टेल्को रोडकडे, आणि एक पुण्यात.
इथली माणसं अजून 'पुण्यात जाऊन येतो' असंच म्हणतात,
जसं काही पुणं इथवर यायचं राहिलंय.

याआधी चौदा वर्षं मी सायलेन्सर वाकवले.
बोराटेशेठच्या शेडमध्ये, पाइप बेंडिंगच्या मशीनवर.
बासष्ट अंशांचा बाक,
अर्धा अंश इकडेतिकडे झाला की रिजेक्ट,
रिजेक्टवर खडूने फुली, फुलीखाली माझी सही.
दिवाळीआधी शेठने सगळ्यांना बसवलं,
फरसाण मागवलं, तेव्हाच कळलं.
म्हणाला, नव्या गाडीला हा पार्टच नाही रे.
महाग झाला नाही, वाईट झाला नाही.
नाहीच.
भांडायचं तरी कुणाशी?

शेजारच्या खुर्चीवर शर्वरी काळोखे,
सिव्हिलच्या शेवटच्या वर्षाला. आळंदीची बाजू तिच्याकडे.
ती सांगते, काका, ही मोजणी आजची नाही,
दोन हजार पंचेचाळीसची आहे.
तुमच्या एका रेघेला ते वाढीच्या दराने गुणतात,
तिकडे तिची पावणेतीन वाहनं होतात.
मी पेन्सिलकडे बघितलं.
मग जरा जपून ओढायला लागलो.

रकाना नसलेल्या गोष्टी फार दिसतात.
पाण्याचे टँकर 'ट्रक'मध्ये घाला, साहेबांनी सांगितलंय,
भरलेला आणि रिकामा एकच.
कंपनीच्या गाड्या 'बस'मध्ये,
आतले सगळेच्या सगळे कंत्राटी असले तरी.
आणि पुलाखाली डबा घेऊन उभी असलेली माणसं,
परभणीची, गोपालगंजची, पेंटर, बिगारी, सेंट्रिंगवाले,
कुणीतरी मोटारसायकल थांबवून "दोन पाहिजेत" म्हणेपर्यंत
ती कुठेच जात नसतात.
जे हलत नाही ते मोजायचं नाही, असा नियम आहे.
नियमाला वेडं म्हणता येत नाही.

माझी अडचण कानाची आहे.
मान खाली असली की मी आवाजावर मोजतो:
हा डिझेल, ही बुलेट, ही रिक्षा, हिची जाळी गेलीय.
अर्धं आयुष्य गाड्यांचा आवाज दाबायचं काम केलं,
आणि आता ह्या नव्या, ज्यांच्यात दाबायला काही नाहीच,
पाठीमागून येतात आणि निघून जातात.
सकाळपासून सात तरी सुटल्या असतील.
म्हणजे पंचेचाळीसमध्ये एकोणीस.
तेवढ्याने कुठलातरी पूल अरुंद होणार.

साडेदहाला सिग्नलला एक टेम्पो थांबला,
हिरव्या पाटीचा, बिनआवाजाचा.
मागे भंगार. कापलेले, सुतळीने बांधलेले सायलेन्सर.
बाक लांबूनच ओळखला.
एकावर खडूची फुली होती अजून.
शर्वरी म्हणाली, काका, लिहा की. टेम्पो.
ओढली रेघ. पाचवी होती, आडवी.

पण फॉर्ममध्ये दिशाही लिहायची असते,
आणि ड्रायव्हरने दोन्ही बाजूंचे इंडिकेटर लावलेले.
आपल्याकडे त्याचा अर्थ 'सरळ' असा घेतात.
पुस्तकात त्याचा अर्थ, गाडी बंद पडलीय.
सिग्नल हिरवा झाला.
मागचे हॉर्न वाजवायला लागले.
मी पेन्सिल धरून बसलो होतो.